डोमाजींचा लाल पेला

घरघर ऐकून कान झाकू नका. मी लाखनीच्या डोमाजींच्या घरचा मिक्सर बोलतोय. आवाज माझा पहिल्यापासूनच मोठा, त्याला इलाज नाही. मन मात्र तेवढं कर्कश नाही.

कारखान्यातलं मला फारसं आठवत नाही. आठवते ती सरिता, डोमाजींची लेक. नागपूरला नोकरी लागल्यावर पहिल्या पगारातून तिने मला घरी आणलं. तिच्या आईने, सुमनबाईंनी, मला खालून-वरून पाहिलं आणि विचारलं, "पाट्यावरच्या चटणीची चव याले येणार आहे का?" तरी महिन्याभरात पाटा अंगणात गेला. माणसांचं असंच असतं, नावं ठेवत ठेवत सवय लावून घेतात.

बारा वर्षं मी लसूण-मिरची वाटली. मधेच लॉकडाऊन लागला आणि पानठेले बंद झाले. डोमाजी हायवेवर ट्रकचे पंक्चर काढायचे, आणि तोंडात खर्रा नसेल तर त्यांचे हातच चालत नसत. सुपारी, तंबाखू, चुना घोटून केलेला हा खर्रा आमच्याकडे पाहुण्याला चहाच्या आधी पुढे करतात. ठेला बंद, तर त्यांनी सुपारी माझ्याच भांड्यात टाकली. माझी पाती बोथट झाली, धूर निघाला, पण मी दळली. नाही म्हणायची सोय मला नव्हती. आजही आठवलं की लाज वाटते.

गेल्या वर्षी डोमाजींचं तोंड उघडेनासं झालं. एक बोट कसंबसं आत जायचं. भाकरी सुटली, मग भातही सुटला. नागपूरच्या डॉक्टरांनी सांगितलं, खर्ऱ्याने गालाची आतली कातडी आखडली आहे, ऑपरेशन करावं लागेल. पण रक्तातलं हिमोग्लोबिन दहाच्या वर आल्याशिवाय हात लावणार नाही. डोमाजींचं रक्त भरलं साडेसात.

सरिताने फोनवर सांगितलं, "आई, फळं-भाज्या मिक्सरमधून काढून बाबाले दे. स्मूदी म्हणतात त्याले." सुमनबाईंनी पालक, बीट, केळं भांड्यात टाकलं. मीही जीव तोडून फिरलो. डोमाजींनी घोट घेतला आणि ओरडलेच, "अवं, मारतं का मले! आग लागली तोंडात!"

मिरचीचं भांडं कितीही घासलं तरी झाकणाच्या रबरात तिखट राहतंच. तुम्हाला-आम्हाला ते कळतही नाही, पण त्या हुळहुळ्या तोंडाला ते विस्तवासारखं लागलं. त्यांनी पेला दूर सारला. "मी नाही पेत. मी का लेकरू आहो?" दोन दिवस नुसत्या पेजेवर काढले. सुमनबाई मोरीकडे तोंड करून रडल्या. मला ते पाहवलं नाही.

तिसऱ्या दिवशी त्यांनी माझ्यासाठी नवं भांडं आणलं. त्यात मिरचीला मज्जाव. बीट-गाजर त्या भात शिजताना वरच्या ताटलीत वाफवत, पालक गरम पाण्यातून काढत. मग पपई, केळं, भिजवलेले शेंगदाणे, घरचं दही, गुळाचा खडा. लिंबू नाही, ते झोंबतं. सकाळी बुद्धवंदना झाली की माझी घरघर सुरू. लाल पेला भरला की आधी स्वतः एक घोट घ्यायच्या आणि म्हणायच्या, "पाहा, तिखट नाही. आता पेऊन घ्या जी."

पहिले काही दिवस डोमाजी डोळे मिटून प्यायले. महिन्याभराने स्वतःच विचारू लागले, "आज पपई नाही टाकली का वं?"

एकदा त्यांचे जुने दोस्त सेवकराम भेटायला आले. रीतीप्रमाणे त्यांनी खर्ऱ्याची पुडी पुढे केली. आमच्याकडे पुडी नाकारली की माणूस मनाला लावून घेतो. डोमाजी पुडीकडे बराच वेळ पाहत राहिले. सुमनबाईंचा हात माझ्या बटणावरच थांबला. मग डोमाजी म्हणाले, "सुमन, सेवकरामले बी एक पेला दे." सेवकरामांनी पुडी खिशात घातली आणि तोंड वाकडं करत पेला संपवला. त्या दिवसाइतका आनंद मला कधी झाला नव्हता.

परवा रक्त दहाच्या वर निघालं. सुमनबाईंनी तो कागद सरिताला फोनवर तीनदा वाचून दाखवला.

आता आम्ही नागपूरच्या बसमध्ये आहोत. सुमनबाईंनी मला जुन्या लुगड्यात गुंडाळून मांडीवर घेतलंय. माझी कॉइल जळत आली आहे. दुरुस्तीवाला म्हणाला, "बाई, आता नवा घ्या." त्या म्हणाल्या, "घेऊ ना. पण आता याच्याच हातचं त्याइले पचून राहिलं."

ऑपरेशननंतर काही आठवडे डोमाजींना चावता येणार नाही. म्हणून माझं एकच मागणं आहे, तेवढे दिवस मला चालू द्या. पुढे डोमाजी भाकरीचा तुकडा मोडून तोंडात घालतील, सावकाश चावतील आणि त्यांना माझी आठवणही होणार नाही. त्या दिवशी मला खुशाल भंगारात टाका.