उमाच्या पोटावरच्या जखमा

माझी धाकटी बहीण उमा दुसऱ्या बाळंतपणानंतर जरा सुटली होती, एवढंच. पण तिच्या नवऱ्याला, भालचंद्ररावांना, ते खुपायचं. २००७ साली त्यांनी पुण्याच्या एका एजंटाकडून बँकॉकचं पॅकेज घेतलं. पोटावरची चरबी काढायची, चार ठिकाणं फिरायची आणि परत यायचं. उमा भीत होती. "आजकाल सगळेच जातात," म्हणत त्यांनी तिला नेलंच.

परत आल्यावर काही आठवड्यांत टाक्यांच्या जागी गाठी आल्या, त्या फुटून पू वाहायला लागला. आमच्या जालन्यातल्या डॉक्टरांची औषधं लागू पडेनात. औरंगाबादला पू तपासला, तेव्हा टीबीच्या जातीतला चिवट जंतू निघाला.

"चरबी ओढायच्या नळ्या नीट निर्जंतुक केल्या नसतील," तिथले डॉक्टर म्हणाले. "औषधं कित्येक महिने चालतील."

मी एजंटाला फोन केला.

"मॅडम, तिकडची हॉस्पिटलं फाइव्ह स्टार असतात. तुमच्या गावच्या पाण्यानं झालं असेल."

माझं डोकंच फिरलं. रोज पाणी उकळून जखमा धूत होते मी!

तोच माणूस महिनाभरात जालन्याच्या एका हॉटेलात बायकांना त्याच पॅकेजची माहिती द्यायला आला. उमा म्हणाली, "ताई, मला घेऊन चल."

"चारचौघांत शोभा करू नका," भालचंद्रराव म्हणाले.

"माझं पोट सुटलं, तेव्हा चारचौघांत हसत होतात ना? आता मी बोलणार."

सभागृहात एजंट पडद्यावर सडपातळ बायकांचे फोटो दाखवत होता. उमा उठून सरळ पुढं गेली. पदर बाजूला करून तिनं पट्ट्या दाखवल्या.

"मीपण ह्यांच्याकडूनच गेल्ते. आत जंतू शिरलाय, अजून पू थांबत न्हाई. हा फोटो का न्हाई लावला?"

"मॅडमना काहीतरी गैरसमज..." एजंट पुटपुटला.

"गैरसमज कसला? ती बाई जंतूचं सांगून राह्यली, आधी त्याचं बोला बराबर!" पहिल्या रांगेतल्या एक बाई कडाडल्या आणि उठून चालू लागल्या. त्यांच्यामागं बऱ्याच जणी निघाल्या. दोघी-तिघी मात्र तरीही बसून राहिल्या, याचं मला आजही नवल वाटतं.

उमा बरी झाली, पण पोटावर खड्डे राहिले. एजंटानं पुन्हा फोन उचलला नाही. भालचंद्ररावांनी औषधपाणी सगळं केलं, पण "माझं चुकलं" एवढे दोन शब्द त्यांच्या तोंडून अजून निघालेले नाहीत.