नववी मात्रा

मला डॉक्टर करायला अब्बांनी अहमदपूरहून लातूरला पाठवलं, ते २०१० साल. अब्बा म्हणजे जलील बँडवाले; तालुक्यातली अर्धी लग्नं त्यांनीच वाजवलेली. आपल्या अम्मारच्या गळ्यात ढोल नको, एवढीच त्यांची इच्छा. पण क्लासमध्ये माझ्या शेजारी बसला रुद्रेश, आणि त्याच्याकडं गिटार होती. जित्याची खोड, जाणार कुठं?

रुद्रेशचे वडील गुरुपादप्पा क्लासच्या गल्लीतच खानावळ चालवायचे. त्र्याण्णवच्या भूकंपात त्यांचं गाव गेलं. रुद्रेश तेव्हा दहा महिन्यांचा, पाळण्यासकट ढिगाऱ्यातून निघालेला. आई निघाली नाही. घरात तिचा एक फोटोसुद्धा नव्हता. आई बोलायची कशी, हे रुद्रेश सारखं विचारायचा आणि काका विषय बदलायचे. ते अजून अंगणातच झोपायचे, छताखाली नाही.

दुपारी पोरं जेवून गेली की टेबलं भिंतीला लावून आम्ही वाजवायचो. क्लासमधलीच दामिनी बेस गिटारवर, मी ड्रमवर. सुरुवातीला नुसता गोंगाट, परक्या बँडांची नक्कल. शेवटी दामिनीच वैतागली. "आपलं असं काहीच न्हाई का रे?"

होतं की. भाकरी थापताना काका एक भजन म्हणायचे, "शिवा, दार उघड, आलो मी उन्हाचा." एक ओळ म्हणायची, गप्प बसायचं, मग पुढची. त्या गप्प जागेत आठ मात्रा बसायच्या, पण काका दर वेळी नववी जाऊ देऊन मगच उचलायचे. मी बँडवाल्याचा पोरगा, मला ते खटकायचं. तुझ्या बापाचा ताल कच्चा, असं मी रुद्रेशला चिडवायचो.

ते भजन आम्ही गिटारवर चढवलं. रिकामी जागा मी ड्रमनं भरून काढली आणि नववी मात्रा कापून टाकली. नांदेडच्या एका कॉलेजात वाजवलं, तर पोरं खुर्च्यांवर चढली. ऐकायला आलेले काका मात्र पहिल्याच ओळीनंतर उठून निघून गेले.

त्या दिवसापासून त्यांनी गाणं सोडलं. रुद्रेशला जेवण जाईना. मला राग आला. पोरगा एवढं करतोय आणि बापाचा हा ताठा! तडक चुलीपाशी गेलो.

"काका, चुकलं काय आमचं?"

काका पीठ मळतच राहिले. "गावात मी ओळ म्हणायचो, मागं सात जण झेलायचे. त्यातला एक बी राहिला न्हाई. मी अजून जागा सोडतो, त्यांना म्हणू देतो. तू तिथंच बडवत राहिलास, बाबा."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"अन् नववी मात्रा?" मी कसंबसं विचारलं.

"शिवगंगा. समद्यांचं संपलं की मग हिचं संपायचं. तालात म्हण म्हणून लई ओरडायचो तिला." काकांचे हात पिठात तसेच राहिले. "आता ओरडत न्हाई."

दारात रुद्रेश उभा होता. शिवगंगा त्याची आई. तो चौकटीला टेकून खाली बसला.

मग आमचं वाजवणंच बदललं. गिटार उतरली. ड्रमच्या जागी अब्बांचा जुना ढोल आला, तोही थोडाच. वाजवणं माझ्या रक्तात होतं. हात वर धरून थांबायला शिकण्यात वर्ष गेलं. त्या जागेत कधी कधी पाठीमागं कुणी श्वास घेतल्यासारखं वाटायचं आणि मी वळून बघायचो नाही. भीती वाटायची, खोटं कशाला सांगू?

पुढं लातुरातच एका क्लासच्या निरोपसमारंभात गायलो. काका पहिल्या रांगेत होते. रुद्रेशनं ओळ म्हटली आणि डोळे मिटले. मी हात वर धरून मोजत होतो. पोरांना वाटलं गडी शब्द विसरला. मागून कुणी टाळी वाजवली. माझाही धीर सुटला. आठ झाल्या आणि हात आपसूक ढोलाकडं आले.

रुद्रेशनं डोळे न उघडता माझं मनगट धरलं.

"थांब की," तो माइकवरच म्हणाला, "आईचं राहिलंय."