चहा होईपर्यंत

मुलाखतीच्या फॉर्मवर ‘स्वतः’ या शब्दापुढची पेनाची खूण जरा जास्तच ठळक उमटली होती – प्रश्न चौदावा, गावच्या कामांचे निर्णय कोण घेते – आणि तिच्याकडे बघता बघता ज्योत्स्नाच्या एकदम लक्षात आलं की ही खूण करताना तुळजाबाई खोलीत नव्हत्याच. केदारखेड्याच्या पलीकडच्या या गावच्या सरपंच त्या. आत चहा टाकत होत्या. समोर खुर्चीत त्यांचे यजमान, तातेराव.

“लिव्हा मॅडम, बिलकुल स्वतः! आमच्यात बाईमाणसाला फुल स्वातंत्र्य हाय.”

तिनं लिहिलंही होतं! आणि आधीच्या चाळीस घरांत... पाहुणी आली की सरपंचबाई चहाला आत, मालक बाहेर गप्पांना, आणि चहा होईपर्यंत फॉर्म भरून तयार. मग पदराला हात पुसत बाई यायची, सही करायची, ‘घ्या ना अजून थोडा’ म्हणायची. वीस मिनिटांत एक मुलाखत, आणि मी बावळट त्याचाच तोरा मिरवत होते. चाळीसपैकी छत्तीस जणी ‘स्वतः’ म्हणतात हे ऐकून पीएचडीचे मार्गदर्शक सर केवढे खूश झाले होते – हा तर तुमच्या प्रबंधाचा कणा! सोमवारी प्रबंध द्यायचा, ही शेवटची एक मुलाखत तेवढी राहिलेली. पद्धतीच्या प्रकरणात लिहिलंय, प्रत्यक्ष मुलाखत. अगं पण कुणाची?

लहानपणी जनगणनेचे गुरुजी घरी आले तेव्हा आईचं वय बाबांनीच सांगितलं होतं, तीन वर्षं चुकवून. आई आत चहा गाळता गाळता हसत होती. मीही हसले होते... हे सगळं मला ठाऊक होतं की! आणि तरी वर्गात पोरांना बजावते, उत्तर कोण देतंय ते आधी बघा. चहा नको म्हणायचं धाडस मात्र एकाही घरात झालं नाही. नको कसं म्हणणार, माणसं दुखावतात.

ती उठली.

“अहो मॅडम, कुठं निघाल्या? आणूनच राह्यली ती चहा.”

पण ती आत गेली आणि गॅसच्या ओट्याजवळ फरशीवरच बसली. तुळजाबाई गडबडल्या. ज्योत्स्नानं हलक्या आवाजात तोच प्रश्न विचारला. त्यांनी दाराकडे पाहिलं, मग गॅस बारीक केला.

“बाकीच्या बायांनी काय सांगितलं, ताई?”

चाळीस जणींची नावं, वयं, शिक्षण, सगळं तिला तोंडपाठ होतं.

“मला माहीत न्हाई,” ती म्हणाली. किती वर्षांनी तिच्या तोंडून तो लहानपणचा, घरचा ‘न्हाई’ निघाला होता.

“मंग बसा. चहाला वेळ हाय अजून,” म्हणत तुळजाबाई तिच्यासमोर येऊन टेकल्या.

लाज वाटली, कानशिलं तापेपर्यंत लाज वाटली. पण त्याहून मोठी होती ती भीती – सोमवार चार दिवसांवर आलेला, आणि ही बाई आता खरंच बोलायला लागणार होती.