ऑल्टोची दुसरी जागा

“लतिका, इथे मी श्वास घेणार. तेवढा वेळ तू सूर धरून ठेव हं,” म्हणत सरलाबाईंनी कागदावर पेन्सिलीने खूण केली.

“आँटी, रविवारच्या कार्यक्रमाला मी नाहीये. गुडगावला त्या अमेरिकन कंपनीत लागले ना. उद्यापासून ट्रेनिंग, शिफ्ट संध्याकाळची. छुट्टी बिल्कुल नाही.”

“फोनवर बोलायची नोकरी?”

“हो. तिकडे लोक उठतात तेव्हा. सॉरी आँटी.”

“अगं, सॉरी कशाला? चांगली लाग कामाला.”

चारशे वर्षांपूर्वीची ती लॅटिन प्रार्थना वाद्यांशिवाय, चार आवाजांत म्हणायची. दिल्लीत ती कुणी ऐकलेली नव्हती. चर्चच्या या क्वायरमध्ये, गाणाऱ्यांच्या गटात, प्रत्येक आवाजाला दोघंच. एकाने श्वास घ्यायचा, दुसऱ्याने सूर सोडायचा नाही. मग गाणं कुठेच तुटत नाही. ऑल्टोला, म्हणजे बायकांच्या खालच्या पट्टीच्या आवाजाला, या दोघी. आठ महिने सरलाबाई ऑफिस सुटल्यावर सुजलेल्या पायांनी तालमीला येत, मग बसने फरीदाबादला घरी जात. पहाटे स्तोत्र वाचून झालं की त्याच ओळी घोकत.

“मग हे वगळू या,” क्वायर शिकवणारा सुधन्वा म्हणाला. “एकट्या तुम्ही कशा पुरणार?”

“वगळू नको रे. दोन महिन्यांनी रिटायर होतेय. क्वार्टर सोडून मुलाकडे पुण्याला. पुन्हा कुठे म्हणणार मी हे?”

“मध्ये तुटेल, सरलाबाई.”

“तुटू दे. प्रार्थनाच आहे ती.”

रविवारी हॉल अर्धा रिकामा होता. सरलाबाई सवयीने उजवीकडे एका माणसाची जागा सोडून उभ्या राहिल्या. सुधन्वाने हाताने सरकायची खूण केली. त्या हलल्या नाहीत.

लांब सूर आला. पेन्सिलीची खूण दिसली. त्यांनी आणखी थोडं ओढलं, मग छाती रिकामी झाली. बाकीचे तिन्ही आवाज चालू होते. त्यांच्यामध्ये एवढीशी फट पडली आणि तिच्यातून पंख्याची घरघर ऐकू आली. श्वास घेऊन त्या पुन्हा मिसळल्या. शेवटपर्यंत गेल्या.

बसस्टॉपवर त्यांच्या यजमानांनी, भालचंद्रांनी, त्यांची पिशवी घेतली. “छान झालं. मध्ये तू थांबलीस, ते तसंच लिहिलंय का गं?”

“नाही,” सरलाबाई म्हणाल्या. “तिथे लतिका असते.”

बस भरलेली होती. दांडीला धरून त्या उभ्या राहिल्या.