मारलेल्या दाताची पायली

मी दात उपटायची एक जुनी पकड आहे. झरी गावच्या लोहाराने मला ट्रकच्या मोडक्या कमानपाट्यातून घडवले. भट्टीत लाल केले, घणाने बडवले, पाण्यात बुडवले. मित्रांनो, माझा जन्मच मारातून झाला, म्हणून मला मार ओळखता येतो.

१९७१ साली गावात दात काढणाऱ्या दत्तरावांनी मला घेतले. दोघे जण दुखणाईताचे हात धरत, तिसरा डोके दाबे आणि मी दाढ हलवत हलवत मुळासकट ओढून काढी. पहिलवान माणसे मला पाहून लटपटत. ते मला आवडे, खोटे कशाला बोलू?

दत्तरावांची एक रीत होती. खळ्यावर रास पडली की प्रत्येक घराने पायलीभर ज्वारी द्यायची, मग वर्षभर त्या घराचा कोणताही दात फुकट. कोणी विचारले तर ते सांगत, "शंभर घरं देतेत, दुखतं धा घरांचं. नव्वदांच्या जवारीवर धांचं निभतं. पुढल्या साली तुमी त्या धांत असताल."

पण कायदे दोन होते. आधीपासून दुखणारी दाढ ज्वारी दिल्यापासून तीन महिने पायलीत बसत नसे, म्हणजे फुकट निघत नसे, नाहीतर लोक कळ आल्यावरच ज्वारी घेऊन धावले असते. आणि मारामारीत मोडलेला दात कधीच बसत नसे. "भांडायचं तुमी अन् भरायचं गावानं?" असे ते म्हणत. मलाही ते पटे.

चतुराबाई पहिल्यांदा आली तेव्हा तिचा नवरा लिंबाजी म्हणाला, "गाडीवरून पडली." दुसऱ्यांदा म्हणाला, "उंबऱ्याला अडखळली." दोन्ही दात पायलीत बसले. मी ते धरले होते. पडल्याने दात तसे मोडत नाहीत, पण माझे कोण ऐकणार?

तिसऱ्यांदा तिचा जबडा सुजून डोळा मिटला होता. आत पू झाला होता, अंगात ताप होता. आणखी दोन दिवसांनी बाई हाती लागली नसती.

"कशानं मोडली गं बाई?" दत्तरावांनी विचारले.

"पाय घसरला," लिंबाजी म्हणाला.

"न्हाई मामा," चतुराबाई म्हणाली. "कुऱ्हाडीच्या दांड्यानं मारलं ह्यांनी. मागचे दोन बी असेच गेले. पायलीत बसावं म्हणून गप ऱ्हायले."

लिंबाजीने तिथेच हात उगारला. दत्तरावांनी त्याच हाताचा अंगठा माझ्या जबड्यात धरून पिळला. तो गुडघ्यांवर आला.

"हाड मोडंल, मामा."

"मोडू दे. गाडीवरून पडलास म्हन."

मग त्यांनी तिची दाढ काढली, पायलीचे नाव न घेता. पू आणि रक्त वाहून गेले, बाई वाचली.  पण तिला गप्प बसायला आपल्याच कायद्याने शिकवले, हे दत्तरावांना कळले.

सुगीत ते लिंबाजीच्या खळ्यावर गेले आणि चार माणसांत त्याच्या राशीतून दोनदा पायली भरली.

"दोन कशापायी?" कोणीतरी विचारले.

"ह्या घरात हात उठतो. तिथं दात जास्त मोडतेत, अन् आता त्ये बी पायलीत."

 त्या सुगीत हात उठणाऱ्या आणखी चार घरांच्या खळ्यांवर दोन-दोन पायल्या भरल्या गेल्या. चतुराबाईचा चौथा दात माझ्याकडे कधीच आला नाही.

आता लोक दातांसाठी परभणीला जातात आणि मी खिळ्याला गंजत लटकते. मला तेल लावा असे म्हणत नाही. पण मित्रांनो, सुजलेले तोंड घेऊन कोणी दारात आले, तर आधी दाढ काढा. पायली नंतर घ्या, मारणाऱ्याच्या राशीतून.