डावीकडची सीट

काचकाकांना भूक लागायची ती तुमच्याआमच्यासारखी नाही. पोटात कावळे ओरडायला लागले की त्यांचं डोकं फिरायचं, आणि 'थांबून खाऊन घ्या' असं कुणी म्हटलं तर आणखी फिरायचं. गाडीत मागे खिडक्यांच्या काचा आणि आरसे उभे बांधलेले, तिकडे गिऱ्हाईक उघड्या चौकटीसमोर वाट बघत बसलेलं. "जेवायला थांबायचं म्हणजे काय? आपण सहलीला निघालोय का?" असं त्यांचं ठरलेलं उत्तर.

म्हणून मग काकू भरवायच्या. दोन काचांमध्ये जुन्या चादरी कोंबायला आणि उतरवताना दुसरं टोक धरायला त्या रोज सोबत असत. डावीकडच्या सीटवर बसायचं, मांडीवर डबा घ्यायचा. काकांनी नुसती मान वळवून आ करायचा, की घास तोंडात! पाव, उकडलेलं अंडं, सफरचंदाची फोड, सगळं त्यांच्या हातून. पाणीसुद्धा त्याच पाजायच्या. काकांचे दोन्ही हात आपले स्टिअरिंगवर.

"आमच्या हिच्यासारखं भरवून दाखवा कुणी," काका दुकानादुकानांत फुशारकी मारायचे. "इतक्या वर्षांत एक काच तडकली नाही!" काकू नुसत्या हसायच्या. कधीतरी म्हणायच्या, "अहो, जरा बाजूला घ्या ना, पाचच मिनिटं." की आलीच ती सहल! मग काकू गप्प बसायच्या आणि काच उतरवून झाली की गिऱ्हाइकाच्या पायरीवर बसून उरलंसुरलं गार अन्न खायच्या.

त्या काकू गेल्या. साधं तापाचं निमित्त झालं आणि गेल्या. काकांनी रस्त्यात खाणंच सोडून दिलं.

दुकानात काच कापायला बसायची ती त्यांची लेक. ती कधीपासून मागे लागली होती, "बाबा, आता गाडी मी चालवते. तुम्ही दुकानात बसा." पण काका कसले ऐकताहेत! घरात काकू कुठेच उरल्या नव्हत्या. त्यांचे कपडे देऊन झाले होते, चपलाही गेल्या होत्या. गाडीत मात्र त्या होत्या. डावीकडच्या सीटवर त्यांच्या बसण्याचा खळगा जसाच्या तसा होता, आणि काका तिथे कुणाला टेकू देत नव्हते, लेकीलाही नाही. गाडी सोडायची म्हणजे काकूंना दुसऱ्यांदा पोचवायचं. तेवढं बळ त्यांच्यात नव्हतं.

"ठीक आहे," लेक शेवटी म्हणाली. "पण एक ओरखडा दिसला, की किल्ली माझी."

"घे. खुशाल घे."

एकदा एका केशकर्तनालयाचा मोठा आरसा सकाळीच पोचवायचा होता. काका उपाशीच निघालेले पाहून लेकीने डबा दिला, कागदी पेल्यात चहा दिला. काकांनी डबा डावीकडच्या सीटवर ठेवला, पेला मांड्यांत धरला आणि गाडी काढली. बाजारापर्यंत कसाबसा धीर धरला. मग अंड्याचा वास सुटला. एका हाताने डब्याचं झाकण चाचपलं, ते काही निघेना. आणि इतक्या वर्षांची सवय ती! मान आपोआप वळली, तोंड उघडलं आणि घासाची वाट बघत तसंच राहिलं.

खोटं कशाला सांगू, तेवढ्या वेळापुरते काका सुखात होते.

पुढून किंकाळी आली. काकांनी ब्रेकवर पाय मारला, उकळता चहा मांड्यांवर सांडला, आणि मागे काहीतरी कट्‌कन वाजलं. पुढचं चाक फुटपाथवर चढलं होतं. हातभर अंतरावर बाबागाडी होती, आत झोपलेलं बाळ, आणि बाळाची आई पांढरीफटक पडलेली.

"डोळे आहेत की भोकं?" ती ओरडली. "कुठे बघत होतात?"

"बायकोकडे," काकांच्या तोंडून निघून गेलं.

तिने काचेतून आत पाहिलं. सीटवर डबा होता. बाळाला उचलून छातीशी धरलं आणि दुसऱ्या हाताने बाबागाडी ओढत निघून गेली.

काकांनी गाडी कशीबशी खाली घेऊन कडेला लावली. त्यांची सीट चहाने भिजली होती. बसायला दुसरी जागा नव्हती, म्हणून डबा उचलून ते डावीकडे जाऊन बसले. आयुष्यात पहिल्यांदा.

मान खाली गेली तेव्हा त्यांना दिसलं. पायाखालच्या रबरी चटईला एकाच जागी भोक पडलं होतं. उजव्या पायाच्या चवड्याएवढं, खालचा पत्रा दिसावा इतकं. इथे कोण एवढं घासणार? त्यांनी आपला पाय त्यावर ठेवून पाहिला. पाय आपोआप दाबला गेला.

ब्रेक! हाताने घास भरवत होती आणि पायाने ब्रेक दाबत होती. तिथे ब्रेक नव्हताच, तरी रोज, प्रत्येक घासाला. हा शहाणा फुशारक्या मारत होता आणि ती शेजारी जीव मुठीत धरून बसली होती.

"बोलायचं नाहीस का गं?" ते रिकाम्या गाडीत म्हणाले. मग त्यांना ती पाच मिनिटं आठवली आणि ते ढसाढसा रडले. बैल गेला आणि झोपा केला, आणखी काय!

दुकानात आल्यावर त्यांनी किल्ली लेकीसमोर काच कापायच्या टेबलावर ठेवली. तिने गाडीभोवती फेरी मारली. "ओरखडा तर कुठेच नाही. आरसा तेवढा तडकलाय."

"तू घे किल्ली," काका म्हणाले.

दुसऱ्या दिवशी लेक चालवायला बसली आणि काका डावीकडे, काकूंच्या खळग्यात. नवा आरसा मागे बांधलेला, उशीर झालेला. बाजार ओलांडल्यावर लेकीने पिशवीतून पाव काढला, एक हात स्टिअरिंगवर ठेवला आणि दुसऱ्या हाताने खायला लागली. अगदी बापावर गेली होती.

काकांचा पाय खाली दाबला गेला, बरोबर त्या भोकात. गाडी अर्थातच थांबली नाही.

"बाजूला घे," काका म्हणाले.

"बाबा, माणूस खोळंबलाय तिकडे. आपण काय सहलीला..."

"घे गं. पाचच मिनिटं."

तिने एकदा त्यांच्या तोंडाकडे पाहिलं आणि गाडी कडेला घेतली. इंजिन बंद झालं. काकांनी डबा उघडला, पहिला घास तिच्या हातावर ठेवला. दुसरा स्वतः घेतला, पण तो किती तरी वेळ हातातच राहिला. गाडी थांबली होती तरी त्यांनी पाय उचलला नव्हता.