कणकेनं लिंपलेलं तोंड

कुणी विश्वास ठेवला नाही माझ्यावर. मी तांब्याची डेगची बोलतेय. जे झालं ते माझ्या पोटात झालं, मला कळत होतं, आणि गुन्हेगार ठरवलं ते मलाच!

तांबटानं मला ठोकून घडवलं तेव्हा या घरचे पुरुष म्हैसूरच्या लष्करात होते. घोडी गेली, एक तलवार राहिली. दर दसऱ्यातल्या आयुधपूजेला ती पुसतात आणि माझ्यात मटण शिजवतात. शिजलं की घरच्या थोरल्यानं माझं झाकण कणकेनं लिंपायचं, सकाळी तलवारीपुढंच फोडायचं, मग खळाखळा उकळून पंगत, अशी रीत. बारीक तुकडे, तिखटजाळ रस्सा. निभावलं आजवर.

यंदा नाताळात सून यशस्विनीनं टर्की आणली. म्हैसूरबाहेर हिनकलच्या पुढं कुणी पाळतं म्हणे. ती इथल्याच गोकुलमच्या योगशाळेत कामाला. तिथल्या परदेशी मुलींना तिनं नाताळच्या संध्याकाळी जेवायला बोलावलेलं. तिला सातवा महिना, ऐनवेळी दमछाक नको म्हणून आदल्या दुपारीच शिजवली. तीही अख्खी! केवढं ते धूड, तंगड्या माझ्या काठाला टेकल्या.

"अप्पा, मांस हाडावरून सोडवते, ताटांत पसरून फ्रिजात ठेवते," ती सासऱ्यांना म्हणाली.

अप्पा कणीक मळत होते. "अय्यो, डेगचीतलं कधी फ्रिजात गेलंय काय? आपली रीत आहे."

"हे मटण नाही, अप्पा. एवढा मोठा पक्षी आतून लवकर निवत नाही."

"मोबाईलनं सांगितलं काय? सुम्मने, उगाच भीती घालू नको. जा, पड जरा."

सासूबाई, सुमित्राबाई, लसूण सोलत होत्या. त्या सोलतच राहिल्या.

आणि माझं तोंड लिंपलं गेलं.

संध्याकाळपर्यंत माझं अंग गार पडलं, पण त्या पक्ष्याच्या पोटात ऊब बसून राहिली, अंड्यावर कोंबडी बसावी तशी. तिथं काहीतरी वाढायला लागलं. मला जाणवत होतं हो! जाळावर बसून मी कधी भ्यायले नाही, त्या रात्री भ्यायले. ओरडायला माझ्याजवळ एक झाकण, तेही चिकटवलेलं.

सकाळी कणीक फोडली. वास? काहीच नाही. हेच तर भयंकर! अप्पांनी मंद आचेवर मला नुसतं कोमट केलं.

"वाफ येऊ दे, अप्पा."

"कोरडं पडेल गं. घे, पहिला घास पोटुशीचा. नाही म्हणू नये."

थोरल्यांच्या हातातला घास. नाही कसं म्हणणार? मांडीचं मांस, हाडाजवळ अजून गारढोण. तिनं ते गिळलं.

दुपारी उलट्या, मग ताप. ओटीपोट धरून ती म्हणाली, "बाळ हलत नाहीये." तिचा नवरा रक्षित तिला उचलूनच घेऊन गेला. पाहुण्यांना येऊ नका म्हणून कळवलं.

अप्पा मोठ्यानं म्हणाले, "कल्हई उडाली हिची. तांबं बाधलं. मोडीत घाला." अहो, दसऱ्यालाच कल्हई केली माझी, आरशासारखी! कुणी वाकून बघितलंसुद्धा नाही.

आता नळाजवळ पालथी पडलेय. भंगारवाला कधीही येईल. घाला मोडीत, पण बायांनो, ऐका. अख्खा पक्षी कोंडून ठेवू नका. गरम आहे तोवरच मांस सोडवा, पसरट ताटांत घाला, वेळ न घालवता फ्रिजात ठेवा. खाताना थोडा रस्सा घालून आतपर्यंत वाफाळेल असं तापवा, तेही एकदाच. थोरल्यांनी डोळे वटारले तरी!

आत्ताच रक्षित कपडे न्यायला आला. सलाईन चालू आहे. बाळ हललं, पण धोका टळला असं अजून कुणी म्हणत नाही.

"आई, डॉक्टरीणबाई म्हणतात, हे तांब्याचं नव्हे. मांस रात्रभर कोंडून कुणी ठेवलं, विचारतायत."

अप्पा दारात उभे होते, खाली बघत. लग्नापासून सुमित्राबाईंनी उखाण्याशिवाय कधी अप्पांचं नाव तोंडातून काढलं नव्हतं. त्यांनी नवऱ्याकडे रोखून बघितलं आणि म्हणाल्या,

"फत्तेसिंगराव."